भरतीच्या मैदानावरच्या सुया

ती सकाळ विसरायची म्हटली तरी विसरता येत नाही. मी तेव्हा मेहकरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. गावाचं नाव सांगणार नाही आणि माणसांचंही नाही. त्यातल्या पोरांची लग्नं अजून जुळायची आहेत, आणि आपल्याकडे स्थळ पाहायला येणारे पाहुणे पोलिसांपेक्षा बारीक चौकशी करतात.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात भरतीची नुसती कुणकुण लागली, की उजाडायच्या आत रस्त्यांवर पोरं पळायला लागतात. पोलीस भरती, सैन्य भरती, जे निघेल ते. एकराच्या तुकड्यावर तीन भावांचं भागत नाही, हे त्या पोरांना कोणी शिकवावं लागत नाही. आमच्या गावाबाहेरच्या मैदानावर एक जण पोरांची तयारी करून घ्यायचा. सगळे त्याला 'सर' म्हणत. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि बोलण्यात अशी ऐट, की जणू भरती हाच काढतो.

एक दिवस त्या मैदानावर सराव करणारी एक पोरगी लंगडत ठाण्यात आली. सोबत आई होती. मी हजेरी आटोपून टपाल पाहत होतो.

"साहेब, मैदानाच्या कडंले बाभळीखाली सुया पडेल असतात," पोरगी म्हणाली. "आमी पोरी अनवाणी पळतो. माह्या पायात गेली."

तिनं कागदाची पुडी उघडून सुई टेबलावर ठेवली. इंजेक्शनची सुई होती. मी आधी तिला दवाखान्यात पाठवलं आणि हवालदारांना बोलावलं.

"गांजेकसांचं काम दिसते साहेब," हवालदार म्हणाले.

"का हो, गांजा आता सुईनं ओढतात का?"

 तरी संध्याकाळी आम्ही तिथे छापा घातला. पत्ते कुटणारी आणि देशीच्या बाटल्या रिचवणारी नेहमीची मंडळी सापडली. सुयांचं विचारलं तर त्यातल्या एकानं आईची शपथ घेऊन सांगितलं, की साहेब, सुई पाहिली का मले भोवळच येते. त्याच्या तोंडाकडे पाहून मला ते खरंच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरकारी दवाखान्यातून फोन आला. मैदानावर पळता पळता एक पोरगा कोसळला होता. मी लगेच गेलो. दवाखाना ठाण्यासमोरच, रस्ता ओलांडला की झालं. पोरगा खाटेवर पडलेला, शुद्ध नाही, अंग घामानं भिजलेलं. डॉक्टर तरुण होता, पण घाबरट नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "ठोके मोजता येत नाहीत इतके जोरात पडताहेत. यानं काहीतरी घेतलंय. काय घेतलंय ते कळल्याशिवाय पुढचं औषध द्यायची मला भीती वाटते. उलटं बसलं तर पोरगं हातचं जाईल. मित्रांना विचारा, मला कोणी सांगत नाही."

दाराशी त्याची आई उभी होती. रोजानं निंदायला जाणारी बाई. पोराचे बूट कोणीतरी तिच्या हातात दिले होते, ते तिनं छातीशी धरले होते.

"साहेब, माहा पोरगा सुपारी बी खात नाई हो," ती म्हणाली. "त्याले काऊन असं झालं?"

मला गलबलून आलं. नोकरीत मन घट्ट होतं म्हणतात, माझं काही तितकं झालं नाही.

पोराला रिक्षात घालून आणणारे चार मित्र व्हरांड्यात उभे होते. सरही तिथेच. मी पहिल्याला विचारलं, काय घेतलं यानं? त्यानं आधी सरांकडे पाहिलं, मग खाली, मग म्हणाला, "काही नाई साहेब." दुसऱ्यानं तेच केलं. चौकशीत माणूस काय बोलतो याच्या आधी तो कोणाकडे पाहतो ते पाहावं. मी हवालदारांना सांगितलं, सरांना चहा पाजा, बिस्किटं द्या, पण ते कुठे जाता कामा नयेत. चौघांना घेऊन मी ठाण्यात आलो.

एकेकाला वेगळं विचारलं. चौघांचं उत्तर शब्दाला शब्द सारखं.

"ऊन लागलं साहेब."

"सकाळी सातला कोणतं ऊन लागते बे? डोक्शावर अजून आलं नाही ते!"

"त्यानं रात्री वडे खाल्ले होते."

"वड्यानं काळीज असं उडते का?"

मी समजावलं, रागावलो, टेबलावर हात आपटला. पण भीती दाखवून उपयोग नव्हता, कारण ती पोरं आधीच कशाला तरी इतकी घाबरली होती, की माझी भीती त्यापुढे काहीच नव्हती. समोर दवाखान्यात त्यांचा मित्र मरणाच्या दारात होता आणि यांची तोंडं शिवल्यासारखी बंद. मला त्यांचा संताप आला आणि कीवही आली.

तेवढ्यात एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपली. उन्हाळ्याचे दिवस, पळून आलेली पोरं, आणि चौघांच्याही अंगात पूर्ण बाह्यांचे शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. पळणारा पोरगा हात झाकत नाही. बाह्या वर करा म्हटलं असतं तर चौघंही सावध झाले असते. मी त्यांना आवारात आणलं आणि भरतीच्या मैदानावर देतात तसा खणखणीत हुकूम सोडला.

"एका रांगेत! शर्ट काढा! छाती मोजायची!"

रोज ज्याची तालीम करायची, झोपेत ज्याची स्वप्नं पाहायची, तो हुकूम कानावर पडला आणि पोरांचे हात आपोआप बटणांवर गेले. क्षणात चौघं उघड्या अंगानं ताठ उभे. एकानं तर श्वास घेऊन छाती फुगवूनही धरली. कोपरांच्या आतल्या बाजूला सुयांचे डाग होते, काही ताजे, काही निळे पडलेले. आपण काय करून बसलो हे ध्यानात आलं तसा छाती फुगवलेल्याचा श्वास सुटला. एक जण रडायला लागला.

रांगेत सगळ्यात उंच असलेला पोरगा रडला नाही. त्यानं मला सरळ विचारलं, "साहेब, सांगितलं तर आमच्यावर केस लागन ना? केस लागली का व्हेरिफिकेशनमध्ये नाव येईन. मंग आयुष्यात भरती होत नाई. सर म्हनतात, एकानं तोंड उघडलं का सगळे गेले."

तेव्हा मला उलगडा झाला. त्यांना मरणाची भीती नव्हती, मित्राच्याही नाही. त्यांना भीती आमच्या चारित्र्य पडताळणीची होती. म्हणजे त्यांची तोंडं आमच्याच खात्याच्या भीतीनं बंद होती आणि त्या भीतीवर तो शिट्टीवाला धंदा करत होता.

"ऐक," मी म्हणालो. "ज्यानं विकलं आणि टोचलं तो आरोपी. तुम्ही साक्षीदार. तुमच्यावर गुन्हा लागणार नाही, हा माझा शब्द. पण तो पोरगा गेला तर माझा शब्दही काही कामाचा नाही. बोल."

त्यानं बाकीच्यांकडे पाहिलं नाही. खाली वाकला, बूट काढला आणि मोज्यातून रिकामी शिशी काढून माझ्या हातावर ठेवली.

"सर देतात. ताकतीचं इंजेक्शन हाय म्हनतात, दम लागत नाई. काल याचा टायमिंग हुकला होता म्हनून आज याले दोनदा दिलं."

शिशी घेऊन मी स्वतः धावत रस्ता ओलांडला. माझं वय आणि माझं पोट पाहता तेही एक आश्चर्यच होतं. डॉक्टरनं शिशीवरचं नाव वाचलं आणि कपाळावर हात मारला. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर पेशंटचा रक्तदाब फार खाली गेला तर तो वर चढवायला वापरतात ते औषध. धडधाकट पोराला टोचून पळायला लावलं होतं! डॉक्टरनं त्यावर उपचार सुरू केले आणि पोराला ॲम्ब्युलन्सनं बुलढाण्याला पाठवलं. दुपारून निरोप आला की डोळे उघडले, आईला ओळखलं. आमच्या हवालदारांनी लगेच कोपऱ्यावरून पेढे आणले.

सरांचा चहा केव्हाच संपला होता. पंचांसमक्ष त्यांच्या मोटरसायकलची डिक्की उघडली. शिश्या मिळाल्या आणि त्या पोरीच्या पायात गेली होती तसल्याच सुयाही. औषध निरीक्षकांना बोलावून माग काढला, तर दुसऱ्या गावच्या एका मेडिकलवाल्यानं बिलाशिवाय माल पुरवला होता. त्यालाही उचललं.

चौकशीत सर मला म्हणाले, "साहेब, मी जबरदस्ती नाही केली. पोरांचं भलंच पाहत होतो."

"मग ते भलं स्वतःच्या दंडात का नाही टोचलं?" मी विचारलं. त्यावर त्यांनी पाणी मागितलं.

खरी कसोटी पुढे लागली. संध्याकाळी एका वजनदार माणसाचा फोन आला. गोड आवाजात म्हणाले, "साहेब, इंजेक्शन घेणारी पोरंही दोषीच की. त्यांनाही आरोपी करा, म्हणजे न्याय सारखा होईल." डाव उघड होता. पोरं आरोपी झाली की साक्ष कोण देणार? सगळं आपसात मिटलं असतं आणि सर दुसऱ्या गावच्या मैदानावर शिट्टी फुंकत उभे राहिले असते. मी स्पष्ट नाही म्हणालो. मग वरूनही विचारणा झाली. मी लेखी कळवलं, की ही पोरं फसवली गेलेली आहेत आणि तीच माझा पुरावा आहेत. माझी बदली होईल असं लोक बोलत होते. होऊ दे म्हटलं, बदलीला घाबरणारा माणूस पोलिसात येतोच कशाला?

चौघांचे जबाब साक्षीदार म्हणूनच नोंदले गेले, आणि कोर्टात चौघंही उभे राहिले. कोसळलेला पोरगा वाचला, पण डॉक्टरांनी त्याला पळायची कायमची मनाई केली. वर्दीचं स्वप्न तिथेच संपलं. त्याची आई मला म्हणाली, "नोकरी गेली तं गेली साहेब, पोरगं घरात हाय." 

आता निवृत्तीनंतर शाळा-कॉलेजवाले व्यसनावर बोलायला बोलावतात, तेव्हा मी हीच हकिगत सांगतो. आम्ही नशा शोधायला पानटपरीवर आणि गुत्त्यावर जात होतो, आणि ती भल्या पहाटे उठणाऱ्या, सुपारीही न खाणाऱ्या पोरांच्या अंगात शिरली होती. कोणी तिला नशा म्हणून विकलंच नव्हतं. ताकद म्हणून विकलं, नोकरी म्हणून विकलं. शिक्षकांना आणि आईबापांना माझं सांगणं असतं, की पोरगं चुकलं तर आधी त्याला बोलायची वाट ठेवा. चुकीला पहिल्याच झटक्यात कायमची शिक्षा दाखवली, की पोरगं विकणाऱ्याच्या मुठीत जातं.

तो उंच पोरगा पुढच्या भरतीहून परत आला तो थेट माझ्या घरी. चेहरा उतरलेला.

"थोडक्यात गेलं साहेब."

मला फार वाईट वाटलं. त्याला बसवलं, पाणी दिलं. मग तो म्हणाला, "तिथं मैदानाबाहेर एक जण बॅग घेऊन फिरून राह्यला होता. मले म्हने, घेतं का, दम लागत नाई."

"मग?"

"मंग काय, म्या त्याचा हात धरला अन् बंदोबस्तावरच्या साहेबाकडं घेऊन गेलो. ते म्हनले, तुले कसं माहीत हे काय हाय? म्या सांगून टाकलं, म्या घेत होतो, आता नाई घेत. जबाब देऊन आलो."

"पळायच्या आधी की नंतर?"

"आधी. नंतर तो सापडला असता का?"

भरतीच्या यादीत त्याचं नाव लागलं नाही. पण धाव समोर असताना त्यानं जे केलं ते पोलिसाचं काम होतं, आणि मी त्याला तसं तोंडावर सांगितलं.