वेबसाइटचे तांडेल

समोरच्याला काय येतं, हे तांडेलकाकांनी कधी विचारलंच नाही. "तुला काय येत नाय ते बोल," एवढाच त्यांचा प्रश्न. डहाणूच्या किनाऱ्यावर उभी हयात तांडेल, म्हणजे बोटीचे कप्तान, म्हणून त्यांनी खलाशी असेच निवडले. न येणारं लपवणारा माणूस भर समुद्रात बाकीच्यांचा जीव घेतो, असं त्यांचं म्हणणं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर ते बोटीवरून उतरले आणि मच्छीमारांच्या वेबसाइटसाठी माणसं जमवायचं काम गावाने त्यांच्या गळ्यात घातलं. स्वतःला फोनवर फोटो उघडता येत नसे, पण ऐट पाहावी!

वेबसाइट साधी होती. वादळाचा इशारा आला की बोटी निघण्याआधी प्रत्येक फोनवर निरोप जायला हवा. किनारा मागे पडला की फोन मुके होतात.

मुंबईचा एक टायवाला "आम्हाला सगळं येतं" म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. तलासरीकडच्या शेतकऱ्याची मुलगी पुष्पा म्हणाली, "मला चित्रं येतात, हिशेबी डोकं नाही." तिला पानं सजवायला घेतलं. अच्छाडच्या ढाब्यावर ट्रकवाल्यांशी तीन भाषांत भांडणाऱ्या रमेशला शुद्ध लिहिता येत नव्हतं; त्याला गुजराती-हिंदी मजकूर बोलून दाखवायला ठेवलं. मी डहाणूतल्याच मसोलीचा, कोडिंग शिकलेला. माझी पाळी आल्यावर मी म्हणालो, "काका, मला मासे साफ करता येत नाहीत." ते खदखदून हसले आणि मला काम मिळालं.

फोनवर निरोप पाठवायचं काम मी आयुष्यात केलं नव्हतं. व्हिडिओ बघून जमेल, असं मला वाटलं होतं.

पावसाळा सरल्यावर एका पहाटे इशारा आला. पुष्पाने बटण दाबलं, पडद्यावर 'निरोप गेला' असं उमटलं आणि ती निर्धास्त झाली. दुपारी एका बाईने सहज सांगितलं, की तिच्या फोनवर काहीच आलं नाही. मग कळलं, कुणाच्याच फोनवर आलं नव्हतं. बोटी कधीच्या बाहेर गेल्या होत्या.

काकांनी वायरलेसवर एकेका बोटीला हाका मारल्या. सगळ्या वळल्या. एक बोट तेवढी उत्तर देईना.

"सकाळी बटण कुणी दाबलं?" त्यांनी विचारलं.

"मी," पुष्पा म्हणाली. मी खाली बघत उभा राहिलो. किती वेळ, ते सांगायची मला आजही लाज वाटते. शेवटी म्हणालो, "काका, तिची चूक नाही. निरोप पाठवायचं मला येत नव्हतं. मी लपवलं."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. बोटीला उशीर झाला की तांडेलकाका स्वतः तिच्यावरच्या खलाशांच्या घरी जात. निरोप्या पाठवत नसत. त्या दिवशी माझं मनगट धरून त्यांनी मला सोबत नेलं. जयवंती अंगणात बोंबील वाळत घालत होती. तिचा नवरा त्या बोटीवर होता.

"सांग हिला," काका म्हणाले.

मी सांगितलं. तिने शिवी दिली नाही. हातातला बोंबील तसाच धरून म्हणाली, "मग आता काय करायचं?"

"आता बसायचं," काका म्हणाले आणि दुखऱ्या गुडघ्यांनी तिच्या पायरीवर बसले. मीही बसलो. वारा वाढत गेला. जयवंती समुद्राकडे बघत होती आणि मी तिच्याकडे बघायचं टाळत होतो. दिवस कलताना बोट दिसली.

किनाऱ्यावर जमलेल्या गर्दीतून परतताना काका म्हणाले, "पोरगा वाईट नायस तू. पण उद्यापासून येऊ नको."

माझं काम त्यांनी गावातल्या एका बाईला दिलं. माझ्या आईकडे दर वर्षी सुके बोंबील पाठवायचे, रस्त्यात भेटलो की पाठीवर थाप मारायचे. कामाला मात्र पुन्हा बोलावलं नाही. त्याचा मला अजून राग येतो, आणि त्यांनी केलं ते बरोबर होतं, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे.

गेल्या वर्षी काका गेले. तिरडीला खांदा देताना माझ्या शेजारी जयवंतीचा नवरा होता. अर्ध्या वाटेत माझं पाऊल अडखळलं, तसा तो हळूच म्हणाला, "दमलास तू. खांदा बदल."