जीपचं इंजिन ऐकून निवडलेला गाइड

टक्… टक्… टक्-टक्.

चाळीसेक वर्षं होऊन गेली, पण जैसलमेरच्या धर्मशाळेसमोर उभ्या असलेल्या त्या जुनाट जीपचा आवाज अजून माझ्या कानात आहे. आतल्या झडपा हलवणाऱ्या एका टॅपेटला जरा जास्त फट होती. बाकी इंजिन सोन्यासारखं!

गॅरेजात किस्से भंगारासारखे साठतात. मुद्दाम कोणी आणून टाकत नाही, पण काही वर्षांनी बघावं तर कोपऱ्यात ढीग! आणि एक उचलायला जावं तर वरचे चार अंगावर येतात. आमचं गॅरेज साखर कारखान्याचं. सातारा सोडून सांगलीकडं निघालात की उसाच्या मधोमध चिमणी दिसायची, तिच्या पायथ्याशी. ट्रक, ट्रॅक्टर, जीपा, सगळ्यांची दुखणी आमच्याकडं. मी तिथं असिस्टंट मेकॅनिक. शाळा चौथीपर्यंत आणि बोलणं सावकाश. इतकं सावकाश की गॅरेजात मला दत्तू कोणी म्हणत नसे, 'लो गिअर' म्हणत. "लो गिअरनं बोलायला सुरुवात केलीय, तवर च्या पिऊन येऊ," असं म्हणून लोक जायचे आणि खरंच पिऊन यायचे. मी तेव्हा कुठं मुद्द्याला आलेला असायचो.

*

आमचे हेडमेकॅनिक नाना. बोनेट न उघडता रोग सांगायचे.

एकदा मलकापूरचा एक ड्रायव्हर ट्रक घेऊन फाटकातून आत आला. नाना जेवत होते. घास न थांबवता म्हणाले, "वॉटर पंपाचं बेअरिंग."

ड्रायव्हर उतरला. "न्हाई नाना, डायनामो वाजतोय."

"बरं. मग डायनामो खोल."

त्यानं दुपारभर डायनामो खोलला, पुसला, बसवला. संध्याकाळी मुकाट्यानं वॉटर पंप खोलला. बेअरिंगचा चुरा त्याच्या तळहातावर आला! नाना म्हणाले, "डायनामो मातूर झ्याक पुसलास गड्या."

असा तो कान. आणि एक दिवस कारखान्याचा दुपारचा भोंगा वाजला. आमचा भोंगा म्हणजे साधा नव्हे, तीन गावची म्हातारी माणसं त्याच्यावर औषधं घ्यायची. भोंगा वाजून संपला आणि नाना मला म्हणाले, "दत्तू, भोंग्याला आजून किती येळ हाय रं?"

मला वाटलं, चेष्टा करतात. मग मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं.

तीस वर्षं हातोडे आणि सायलेन्सर नसलेली इंजिनं. त्यांनी नानांचा कान खाल्ला होता. गंमत अशी की सगळ्या गॅरेजात नानांना फक्त माझंच बोलणं कळायचं. मी सावकाश बोलायचो ना! ओठ वाचायला भरपूर वेळ मिळायचा.

त्या दिवसापासून आमचं ठरलं. नाना चालू इंजिनावर तळहात ठेवायचे, मी मागं उभा राहून त्यांच्या पाठीवर बोटानं ठेका धरायचो. जसा आवाज तसा ठेका. आणि कोणी काही विचारलं अन् त्यांना विचारणाऱ्याचं तोंड दिसलं नाही, तर एक टिचकी म्हणजे 'हो', दोन म्हणजे 'नाही'. रोगाचं निदान कधी चुकलं नाही. लोक म्हणायचे, "ह्यो लो गिअर नानास्नी गोचिडावानी चिकटलाय!"

*

फोरमन भोसेकर साहेब वाईचे. त्यांना माहीत नाही अशी गोष्ट देवानं अजून करायला घेतली नव्हती.

कारखान्यात एकदा परदेशी ट्रॅक्टर आला. सोबतचं पुस्तक त्या देशाच्या भाषेत. साहेबांनी चष्मा लावला, तीन पानं गंभीरपणे वाचली आणि म्हणाले, "विशेष काही नाही. ऑइल वेळेवर बदला म्हणतायत." मी त्यांच्या खांद्यावरून बघितलं. तिसऱ्या पानावर चित्र होतं. चित्रातला ट्रॅक्टर चाकं वर करून उभा होता!

तर त्या वर्षी वरून हुकूम आला. ज्याच्या कानाची शंका वाटते त्याचं नाव फोरमननं डॉक्टरकडं पाठवायचं. बहिरा माणूस चालू इंजिनाजवळ नको, त्याला फाटकावर वॉचमन करायचं. हुकूम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. पण नानांच्या नोकरीची चार वर्षं राहिली होती.

"फाटकावर बसून काय करू दत्तू?" नाना म्हणाले. "हातात पाना न्हाई म्हंजे मी नाना बी न्हाई."

साहेबांना संशय आलाच होता. ते मुद्दाम पाठीमागून हाक मारायचे, "नाना!" मी टिचकी मारायचो. नाना वळायचे, "जी साहेब?" साहेब नुसतं "हं" म्हणायचे. तो नावं लिहायचा कागद त्यांनी खिशात घडी घालून ठेवला होता, आणि वर पेन.

*

जगातली शहाणी माणसं वाळवंट थंडीत बघतात. पण आमची थंडी उसात जायची. गाळप संपून ओव्हरहॉलिंग सुरू व्हायच्या आत आठ-दहा दिवस मोकळे मिळायचे, ते जूनच्या तोंडाला. म्हणून आमची वाळवंटाची सहल जूनमध्ये! साहेबांनीच ठरवली.

"जैसलमेर," साहेब म्हणाले. "तिथलं रान राखून नॅशनल पार्क करायचं चाललंय. गाइड घेऊन एक दिवसाची टूर करता येते. हरणं, माळढोक, सगळं दाखवतात."

म्हाळाप्पा वेल्डर जतचा. त्यानं तोंडावरची काच वर केली. "साहेब, तीन दिवस रेल्वेत बसून वाळवंट बघायचं? त्यापरास आमच्या जतला चला की! तितं बी काय न्हाई!"

"तिथं गाइड आहे का?"

"हाय की, आमची आई. दिसभर हिंडवून दाखवंल, काय काय वाळलंय त्ये. आन् माळढोक म्हंता, त्यो आमच्या बाऽनं हरभऱ्यातनं हाकललाय!"

ठराव मंजूर झाला. म्हणजे साहेबांनी मंजूर केला.

*

प्रवासात साहेबांच्या गळ्यात शिट्टी होती. दोनदा वाजली की सगळ्यांनी डब्यात. आता नानांना भोंगा ऐकू येत नव्हता, तिथं शिट्टी काय येणार! म्हणून प्रत्येक स्टेशनवर मी त्यांच्या पाठीशी. पण जोधपूरला मी नळावर गेलो आणि तेवढ्यात साहेबांनी शिट्टी फुंकली.

नाना चहा फुंकत होते. साहेबांनी पुन्हा फुंकली. नाना बशीत ओतत होते. साहेब डब्याच्या दारात उभे, नजर नानांवर, हात खिशातल्या कागदाकडं. मी नळापासून पळत सुटलो, पण पाय तरी कुठले! ते पण लो गिअर.

नानांना वाचवलं ते परक्या माणसांनी. शिट्टी ऐकून शेजारच्या गाडीचे दहा-बारा जण गाठोडी घेऊन धावत आले आणि आमच्या डब्यात चढले! एक म्हातारा तर साहेबांच्या बाकावर आडवाच झाला. "अरे, मी गार्ड नाही, फोरमन आहे!" असं साहेब मराठीत ओरडत होते. त्यांना उतरवेपर्यंत मी नानांना आत चढवलं, आणि ते खिडकीत बसून मला विचारत होते, "काय रं, कशाची गडबड चाललीय?"

*

धर्मशाळेसमोर तीन गाइड उभे होते.

पहिला गॉगलवाला. हातात छापील कार्ड, तोंडात दोन भाषा, जीप पोपटी रंगाची, नवीकोरी दिसणारी. दुसऱ्याकडं उंटाची गाडी. तिला इंजिनच नव्हतं, म्हणून आमच्या लोकांनी तिच्याकडं बघितलंच नाही. तिसरा पूनमाराम. फेटा बांधलेला, सावलीला गप्प बसलेला. मागं त्याची मिलिटरीच्या लिलावातली म्हातारी जीप.

दुसऱ्या कोणी विचारलं असतं, काय दाखवणार, किती हिंडवणार. आमचे आठ जण एका तोंडानं म्हणाले, "बोनेट उघड!"

गॉगलवाला कार्ड पुढं करून हरणांबद्दल सांगत राहिला आणि त्याच्यासमोर आठ पाठी वाकलेल्या! मग नाना पुढं आले. पोपटी जीपवर तळहात ठेवला. मी मागं ठेका धरला. क्लच दाबायला लावला, सोडायला लावला.

"क्लच प्लेट संपलीय," नाना म्हणाले. "वाळूत बसणार."

मग म्हातारीवर हात ठेवला. टक्… टक्… टक्-टक्. नाना हसले. "टॅपेट बोलतोय, बोलू दे. ही घरला आणंल."

"अहो, पण गाइड कसा आहे ते बघाल का नाही?" साहेब चिडले. त्यांना पोपटी रंग आवडला होता.

म्हाळाप्पा म्हणाला, "साहेब, गाइड बंद पडला तर ढकलता येतोय!"

*

गाइड म्हणजे बोलणारा माणूस, असा जगाचा समज. आम्ही निवडलेला दुसऱ्या दिवशी पहाटे निघाल्यापासून दोन तासांत एक शब्द बोलला नाही. ती जागा साहेबांनी भरून काढली. "ते बघा, काळवीट!" ते काळवीट उठलं आणि त्याच्या मागून त्याचा मालक काठी घेऊन उठला. बकरी होती.

पुढं एका टेकाडापाशी पोपटी जीप भेटली. चाकं अर्धी वाळूत. कुठल्याशा शाळेचे मास्तर-मास्तरणी मागून ढकलत होते आणि गॉगलवाला पुढं उभा राहून दोन भाषांत वाळूची माहिती देत होता! आम्ही उतरून दोर लावला, म्हातारीनं तिला बाहेर ओढली. म्हाळाप्पानं गॉगलवाल्याला विचारलं, "काय पाव्हणं, आता हरणांचं सांगा की!"

*

मग गवताचा माळ लागला. ऊन अजून कोवळं होतं. पूनमारामनं इंजिन बंद केलं आणि आम्हाला खाली उतरवलं. तोंडावर बोट ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मग वळून, कानाला हात लावून, माळढोकाला तिकडं म्हणतात ते नाव घेत म्हणाला, "गोडावण बोला. सुना?"

"सुना!" साहेब सगळ्यांच्या आधी म्हणाले. "एकदम क्लिअर!"

"सुना, सुना," बाकीचे म्हणाले. म्हाळाप्पा म्हणाला, "आमच्याकडं बी आसाच वरडतोय."

साहेब सावकाश नानांच्या पाठीशी आले. तोंड दिसणार नाही अशा बेतानं. कागद बाहेर काढला, पेनचं टोपण काढलं. "काय नाना? तुम्हाला ऐकू आला का आवाज?"

माझं बोट नानांच्या पाठीवर होतं. आणि मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं! वाऱ्यात गवत हलत होतं, तेवढंच. एक टिचकी मारावी तर खोटं. दोन माराव्यात तर नाना फाटकावर. मी आयुष्यात सगळं सावकाश केलं, पण इतका उशीर कधी लावला नव्हता.

नाना वाट बघत होते. बोट हलेना म्हटल्यावर त्यांना काय समजायचं ते समजलं असावं. ते वळले. साहेबांच्या हातातला कागद बघितला, टोपण काढलेलं पेन बघितलं.

"न्हाई साहेब," नाना म्हणाले. "मला काय बी ऐकू आलं न्हाई."

साहेबांनी पेन कागदावर टेकवलं.

आणि पूनमाराम हसला. सकाळपासून पहिल्यांदा. "पंछी तो अभी बोला ही नहीं, साब."

 पूनमाराम आता बोलायला लागला. पक्ष्याजवळ तो दोघा-तिघांनाच नेतो. गर्दी झाली की पक्षी उडतो. कोणाला न्यायचं ते तो असं विचारून ठरवतो. जे 'सुना' म्हणतात त्यांना नेत नाही, ती माणसं तिथं गेल्यावरही बोलतात.

त्यानं नानांचं मनगट धरलं. "आप चलो." मग माझ्याकडं बघितलं. "तुमने सुना?"

मी तोंड उघडलं. उत्तर निघायचं होतं.

"तुम भी चलो," तो म्हणाला.

आम्ही तिघं गवतातून वाकून गेलो. एका बोरीच्या झुडपाआड त्यानं बसवलं. समोर, ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाएवढा उंच, माळढोक उभा होता. शेपूट वर उभारलेलं. गळ्याखाली पांढरी पिशवी फुगत फुगत पार पायापर्यंत लोंबली. आणि मग तो बोलला. हूंऽऽम. लांब घाटात भरलेला ट्रक चढतोय तसा. थांबला. पुन्हा, हूंऽऽम.

नाना पक्ष्याच्या गळ्याकडं टक लावून बघत होते. डोळ्यांना पाणी आलं होतं. माझ्याकडं न बघता त्यांनी हात मागं केला, माझं बोट धरलं आणि आपल्या पाठीवर ठेवलं.

मी ठेका धरला. पक्षी बोलला की बोट लांब ओढायचो. थांबला की थांबायचो.

कितीतरी वेळ असं चाललं होतं. मग माझ्या मागं गवत मोडल्यासारखं झालं. मी मान वळवली.

दहा पावलांवर भोसेकर साहेब उभे होते. एका हातात काढलेले बूट, दुसऱ्यात तो कागद आणि उघडं पेन, मोजे वाळूनं भरलेले. ते पक्ष्याकडं बघत नव्हते. माझ्या बोटाकडं बघत होते.

पक्षी बोलला. माझं बोट थांबलं होतं. नानांनी पाठ जराशी हलवली, काय झालं रं म्हटल्यासारखी.

साहेबांनी हनुवटीनं मला खूण केली, पुढं चालू दे. मी बोट पुन्हा ओढलं.

त्यांनी कोऱ्या कागदाची घडी घातली, पेनाला टोपण लावलं, ते खिशाला अडकवलं, आणि वळून बूट हातात तसेच धरून जीपकडं चालू लागले.