पाण्यासाठी अडलेली सही

कार्यालयात तिला सगळे मागून ‘खुसपटबाई’ म्हणत, आणि हे तिलाही ठाऊक होतं. माजी सैनिकांना घराजवळच उपचार मिळावेत म्हणून सरकार खासगी दवाखान्यांशी करार करायचं. ते करार तयार करायचे आणि दवाखाने त्याप्रमाणे चालतात की नाही हे पाहायचं, हे तिचं काम. दवाखान्यात शिरली की ती आधी स्वच्छतागृहात जाऊन भिंतीवरचा दांडा हलवून बघायची. एक पाय नसलेला माणूस तो धरून उठणार असतो, म्हणून. दांडा हलला की त्या दवाखान्याची खैर नसायची.

घरी नवरा, मुलगी आणि धाकटा दीर. दीर सैन्यातून परतला तो मूत्रपिंडं निकामी होऊनच. दिवसाआड डायलिसिस केंद्रात जाऊन, यंत्राला जोडून घेऊन त्याला रक्त धुऊन घ्यावं लागे. त्याचं नाव ज्या केंद्रात लागलं, त्याचा करार नेमका हिच्याच टेबलावर होता. ती त्याच दिवशी साहेबांकडे गेली.

“माझा दीर आता या केंद्रात आहे. हे काम दुसऱ्या कुणाकडे द्या.”

“दुसरं आहे कोण इथे?” साहेबांनी हात झटकले. “मला सांगितलंत ना, झालं. तुम्हीच बघा.”

ते केंद्र एका म्हाताऱ्या डॉक्टरांचं होतं. हात चांगला, माणूस तापट, आणि दुरुस्तीचं नाव काढलं की कानावर हात ठेवणारा. रुग्णांना आणणारी गाडी आठवड्यातून एकदा तरी रस्त्यात बसायची. हिने इतक्या नोटिसा पाठवल्या होत्या की डॉक्टर तिला पाण्यात पाहायचे. करार संपत आला तेव्हा नव्याने निविदा निघाल्या आणि एका मोठ्या कंपनीला काम मिळालं. निवड करणाऱ्यांत हीसुद्धा होती. कंपनीची इमारत नवी, उतार रुंद, लिफ्टमध्ये चाकाची खुर्ची सहज वळेल एवढी जागा. त्या निवडीबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता.

नवं केंद्र सुरू होण्याच्या आदल्या दुपारी ती शेवटची तपासणी करायला गेली. तिची सही झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी रुग्णांची पहिली पाळी बसणार होती. जुन्या केंद्राचा हा शेवटचा दिवस होता.

सगळं झकपक होतं. दांडे भक्कम होते. व्यवस्थापक मागे मागे दारं उघडत फिरत होता. मागच्या खोलीत पाणी शुद्ध करणाऱ्या टाक्या होत्या. तिने नळ सोडला, ओंजळीत पाणी घेतलं आणि नाकाशी नेलं. पोहण्याच्या तलावावर येतो तसला, पुसट वास.

“पाण्याचा अहवाल कुठाय?”

“नमुना प्रयोगशाळेत दिलाय मॅडम. एक-दोन दिवसांत येईलच.”

“अहवाल येईल तेव्हा येईल. तपासायची पट्टी असेल ना? बुडवा बघू.”

यंत्रं चालवणाऱ्या बाईने व्यवस्थापकाकडे पाहिलं. मग तिने पट्टी पाण्यात बुडवली. पट्टीचा रंग बदलला. बदलायला नको होता.

“पट्ट्या जुन्या असतील,” व्यवस्थापक म्हणाला.

नवं पाकीट फोडलं. पुन्हा तोच रंग. पाण्यात क्लोरीन होतं. नळाचं तेच पाणी आपण पितो आणि काही होत नाही. पण डायलिसिसमध्ये पाणी आणि रक्त यांच्यामध्ये फक्त एक झिरझिरीत पडदा असतो. ते क्लोरीन रक्तात गेलं तर रक्ताच्या पेशी फुटतात. खुर्चीवर बसलेला माणूस बसल्या जागी मरू शकतो.

व्यवस्थापकाचा चेहरा उतरला. “मॅडम, रात्रीत गाळणी बदलतो. तुम्ही सही तर करा.”

तिने बाहेर येऊन साहेबांना फोन लावला.

“अटींसह सही करा,” साहेब म्हणाले. “अहवाल आल्यावर अंतिम, असं लिहा.”

“साहेब, तोवर पहिली पाळी उठलेली असेल.”

“आणि नाही केलीत तर? मोठ्या रुग्णालयात एक खाट रिकामी नाही. माणसं सकाळी येतील, त्यांना कुठे पाठवू? तुमच्या घरी?”

साहेबांचं चुकत नव्हतं. डायलिसिस चुकलं की माणसाच्या अंगात पाणी साठतं, छाती भरून येते. सही केली तरी जीव टांगणीला, न केली तरी टांगणीला.

“जुन्या कराराची मुदत वाढवायची सोय आहे,” ती शेवटी म्हणाली. “तुमच्या अधिकारात आहे.”

“ते डॉक्टर तयार होतील? तुम्ही ज्यांना हाकललंत ते?”

“मी जाऊन विचारते.”

“हो म्हणाले तर आदेश काढतो. पण उद्या काही वेडंवाकडं झालं तर ते तुमच्यावर शेकणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.”

जुन्या केंद्राच्या दारात ट्रक उभा होता आणि मागचं फळकं खाली होतं. दोन यंत्रं जाड कापडात गुंडाळून वर चढवलेली होती, तिसरं दोघं जण ढकलत आणत होते. डॉक्टर ओसरीत उभे राहून मजुरांवर ओरडत होते. तिला पाहताच त्यांनी ओरडणं थांबवलं.

“आता काय राहिलंय तपासायचं? भिंती?”

तिने पाण्याचं सांगितलं. आडपडदा न ठेवता, सगळं. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मान फिरवली.

“वर्षभर मला नाचवलंत तुम्ही. गाडी जुनी, रंग उडालेला, दांडा हलतो. आता तुमच्या लाडक्या कंपनीचं घोडं अडलं, तर हा म्हातारा आठवला?”

“मी माफी मागायला नाही आले डॉक्टर. दांडा हलत होता आणि तो तुम्ही कधी नीट केला नाहीत. मी विचारायला आलेय. थोडे दिवस चालवाल का?”

“कशावर चालवू? ही यंत्रं विकलीत मी. ट्रक घेणाऱ्याचा आहे.”

तेवढ्यात आतल्या बाकावरून आवाज आला, “वहिनी, तू इथे कशी?”

तिचा दीर होता. शेवटच्या पाळीतून नुकताच उठला होता, दंडावर कापूस दाबून गाडीची वाट बघत बसला होता. डॉक्टरांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हिच्याकडे.

“वहिनी?” ते सावकाश म्हणाले. “अस्सं. तरी म्हटलं, बाईंची एवढी धावपळ कशासाठी.”

ते तिला जिव्हारी लागलं. पण ती जागची हलली नाही.

“त्यांच्यासाठीही आहे,” ती म्हणाली. “खोटं कशाला बोलू? ओंजळीत पाणी घेतलं तेव्हा आधी त्यांचाच चेहरा आठवला. पण त्या खुर्च्यांवर बाकीचेही बसणार आहेत. तुम्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त ओळखता.”

“डॉक्टर,” दीर मध्येच बोलला, “हिने मला सक्त ताकीद दिली होती, नातं सांगायचं नाही म्हणून. नाहीतर पंख्याखालची खुर्ची मी कधीच पटकावली असती.”

“भावजी, तुम्ही जरा गप्प बसा!” ती करवादली.

डॉक्टर हसले नाहीत. ते ट्रककडे गेले, खिशातून फोन काढला आणि पाठ करून बोलू लागले. घेणारा ऐकत नसावा. डॉक्टरांचा आवाज चढत गेला, एकदा तर त्यांनी फळक्यावर थाप मारली. मग डॉक्टरांनी फोन खिशात टाकला आणि मजुरांकडे वळले.

“उतरवा.”

“सगळं?” एका मजुराने विचारलं. त्याच्या तोंडावर निव्वळ छळ झाल्याचा भाव होता.

“सगळं. आणि हळू. आदळलंत तर तुम्हालाच मशीनला जोडीन.”

साहेबांचा आदेश संध्याकाळच्या आत निघाला. पण यंत्रं पुन्हा जोडून, धुऊन, तपासून होईपर्यंत सकाळची पाळी रखडली. एका वयस्क सुभेदारांना वाट बघता बघता धाप लागली आणि त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं. त्यांच्या मुलीने केंद्राच्या दारात सगळ्यांदेखत हिला फैलावर घेतलं. ही ऐकत राहिली. सुभेदार वाचले, पण ते वाचल्याचा निरोप येईपर्यंत तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

प्रयोगशाळेचा अहवाल आला. पाणी वाईट निघालं. तरीही कंपनीने तक्रार ठोकलीच: अधिकारी बाईंचा दीर जुन्या केंद्रात रुग्ण आहे, म्हणून सही मुद्दाम अडवली. चौकशी बसली. तीन महिने ती टांगती तलवार डोक्यावर होती. सहकारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या टेबलावर बसू लागले. नवरा रोज संध्याकाळी विचारायचा, “काही कळलं?” आणि ती रोज मान हलवायची.

चौकशीत साहेबांना बोलावलं, तेव्हा ते हात वर करणार, अशी तिची खात्री होती. साहेबांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “दिराचं त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. काम दुसऱ्याकडे द्या म्हणत होत्या. मीच दिलं नाही.” एवढं बोलून ते तिच्याकडे न बघता बाहेर गेले.

ती निर्दोष सुटली, पण करारांचं टेबल काही परत मिळालं नाही. तिला खाटा आणि चादरींच्या खरेदीवर पाठवलं. तिथेही ती चादरीची शिवण ओढून बघते.

कंपनीने पाण्याची यंत्रणा नव्याने बसवली आणि केंद्र सुरू झालं. खरं सांगायचं तर ते चांगलं चालतं. डॉक्टरांनी अखेर यंत्रं विकली आणि घरी बसले. दीर आता नव्या केंद्रात जातो आणि तिथल्या खुर्च्यांची तोंडभरून स्तुती करतो.

एकदा गाडी आली नाही, म्हणून ती स्वतः त्याला सोडायला गेली. यंत्रं चालवणाऱ्या त्या बाईने तिला ओळखलं. तिने मान लववली आणि ती आत गेली. दीर खुर्चीवर बसला, हात पुढे केला, सुई टोचली गेली. यंत्र सुरू झालं आणि नळीतून रक्त पुढे सरकलं.

“जा तू वहिनी, उशीर होईल,” तो म्हणाला.

“जाते,” ती म्हणाली, आणि त्याचा चेहरा न्याहाळत तिथेच उभी राहिली.