एक कॉट, दोघांची झोप

मी बी.कॉम. झालो तोवर आमच्या घरातल्या कुणी कॉलेजचा जिनाही चढलेला नव्हता. हे मी मिरवायला सांगत नाही. म्हणजे थोडं मिरवतोच. त्या पदवीवर मला वाळूजच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये नोकरी लागली आणि मी संभाजीनगरला आलो. शहरात नोकरी लागली म्हणून माणूस शहरात मावतोच असं नाही, हे पहिल्याच आठवड्यात कळलं. औरंगपुऱ्यातल्या गल्ल्यांमध्ये खोल्या बघितल्या. चिकलठाण्याकडच्या नव्या इमारती नुसत्या बाहेरून बघितल्या. भाडं ऐकलं की मी 'कळवतो' म्हणायचो आणि चपला घालायचो.

शेवटी वाळूजजवळच रांजणगावात 'कॉट बेसिस'वर जागा मिळाली. म्हणजे भाडं खोलीचं नाही, कॉटचं. पत्र्याची चिंचोळी खोली, एका भिंतीला लोखंडी कॉट, समोर गॅसची शेगडी, आणि मध्ये जी जागा उरते तिच्यात एका वेळी एकानंच वळायचं. ते भाडंही मला झेपेना, तेव्हा मालकीणबाईंनीच तोड काढली. त्यांच्याकडे एक मुलगा चौकशी करून गेला होता, कायम रात्रपाळीवाला. तू रात्री झोप, तो दिवसा झोपेल, भाडं अर्धं अर्धं करा, असं त्या म्हणाल्या. एकाच गाईचं दूध सकाळी एका घरानं न्यावं आणि संध्याकाळी दुसऱ्या घरानं, इतक्या सहज त्या बोलून गेल्या.

तो माझा पार्टनर झाला. जालन्याकडच्या एका खेड्यातला, आयटीआय केलेला, कारखान्यात प्रेस मशीन चालवणारा. आम्ही एकमेकांना पार्टनरच म्हणायचो. संध्याकाळी दोघं मिळून स्वयंपाक करायचो, जेवून तो कंपनीच्या बसला जायचा, मी आडवा व्हायचो. सकाळी मी निघताना तो दारात यायचा, डोळे लाल, अंगाला तेलाचा आणि लोखंडाचा वास. उठणाऱ्यानं आपली चादर काढून खिळ्याला टांगायची, गादी झटकून उलटी करायची, हा आमचा रिवाज. कुणी ठरवलेला नव्हता. दुसऱ्याच्या झोपेवर आपण झोपू नये, एवढंच त्यात होतं.

तरी थोडी झोप गादीत राहायचीच. मी शेतकऱ्याचा पोरगा, मशीन मी कागदावरच ओळखायचो. पण त्या कॉटवर मला स्वप्नात कितीदा तरी प्रेस मशीनचा ठोका ऐकू यायचा, संथ, जमिनीतून वर येणारा. पार्टनर म्हणायचा, त्याला स्वप्नात अद्रकीचं शेत दिसतं. त्याच्या गावाकडे अद्रक कुणी लावत नाही. आमच्याकडे लावतात.

दोन वर्षं झाली तरी गावाकडे वडलांचं मन थाऱ्यावर नव्हतं. पगार येतो नि जातो, पोरगं तिथं खातं काय, झोपतं कुठं, हे ते फोनवर विचारत राहायचे. गावातल्या दूध डेअरीत लिहिणारा माणूस हवा होता आणि चेअरमननं जागा माझ्यासाठी धरून ठेवली होती. वडील शब्दाचे पक्के. त्यांनी सांगून टाकलं की एक दिवस तुझ्या आईला पाठवतो. पोरगं धड राहतंय असं ती म्हणाली तर राहा, नाहीतर सामान बांधून तिच्यासोबत घरी ये. मी हो म्हणालो. मला इथंच राहायचं होतं. अकाउंट्समध्ये एक जागा निघणार होती, साहेबांनी तसं बोलून दाखवलं होतं. आणि खरं सांगायचं तर, पदवी घेऊन मी दुधाच्या कॅनमागे बसावं हे मला पटत नव्हतं. खोलीत एक पार्टनर आहे एवढं मी घरी सांगितलं होतं. कॉट एकच आहे हे कुणी विचारलं नव्हतं, आणि दोन माणसांना एक अंथरूण पुरतं हे आईच्या कल्पनेतही येणारं नव्हतं.

थंडीचे दिवस होते. गावातला एक टेम्पोवाला माल घेऊन शहरात यायचा, आमची ज्वारी नि डाळही तोच पोचवायचा. त्या दिवशी त्यानं ज्वारीसोबत आईलाही आणून सोडलं. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, त्यामुळे मला काही कळलं नाही. मालकीणबाई कुठं लग्नाला गेल्या होत्या. आईनं दार लोटलं, आणि तिला दिसलं की भर दुपारी, कामाच्या दिवशी, तिनं शिवलेली गोधडी डोक्यावरून ओढून पोरगं झोपलंय.

पार्टनरनं त्या दिवशी आपलं ब्लँकेट धुवून वाळत टाकलं होतं, म्हणून माझी गोधडी घेतली होती.

पुढचं मी दोघांकडून ऐकलं, आणि दोघांचं सगळंच काही जुळत नाही. आई म्हणाली, तिनं हाक मारली नाही. पत्र्याला जुन्या खिळ्यांची भोकं आहेत. त्यातून ऊन खाली उतरतं आणि त्याचे गोल कवडसे अंथरुणावर पडतात, हळूहळू सरकतात. आईला ते फार आवडलं. गोधडीला उन्हाची ठिगळं लावल्यासारखी वाटली म्हणे. ती कॉटच्या पायथ्याशी खाली बसली आणि एक ठिगळ गुडघ्यावरून पोटरीवर जाईपर्यंत नुसती बघत राहिली. मग तिला गोधडीबाहेर आलेले पाय दिसले. टाचा फाटलेल्या, सेफ्टी शूजनं बोटं दबलेली. शहरानं पोराच्या पायांचं हे काय केलं म्हणून तिला गलबलून आलं. खिडकीत खोबऱ्याच्या तेलाची बाटली होती. ती घेऊन ती टाचांना तेल चोळत बसली.

पार्टनर म्हणाला, त्याला आधी ते स्वप्नच वाटलं. आपली आई आलीय, असं वाटून तो हललाच नाही. मग माझी आई बोलायला लागली आणि आवाज परका निघाला. तेव्हा तो पुरता जागा झाला, पण गोधडी काढायची हिंमत होईना, कारण अंगात फक्त बनियन होतं. शिवाय बोलणाऱ्या बाईला मध्येच तोडावं कसं. असा तो पडून राहिला. शेवटी त्याच्या फोनचा गजर झाला. तो उठून बसला, आणि आईच्या हातात एका अनोळखी माणसाचा पाय राहिला.

आईनं विचारलं, "तू कोन रे?"

तो म्हणाला, "मावशी, मी दिवसाचा."

मी संध्याकाळी आलो तेव्हा दोघं उंबऱ्यात बसून मेथी निवडत होते. गावात नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात, ते आईनं त्याला विचारलेलं दिसलं नाही. विसरली असेल, किंवा पायाला तेल लावून झाल्यावर विचारायला काही उरलं नसेल. मला बघून ती हसायला लागली. स्वतःच्या पोराचे पाय ओळखू आले नाहीत का, असं मी चिडवलं, तर म्हणाली, दोन वरसांत पाय बदलत्यात. पण हसणं ओसरल्यावर तिनं खोलीवरून नजर फिरवली आणि मला कॉटचं सगळं विचारून घेतलं. रात्री कोण, दिवसा कोण, सुट्टीच्या दिवशी काय. सुट्टीच्या दिवशी एकजण खाली झोपतो, असं मी सांगितलं. ती कॉटच्या पट्टीवरून हात फिरवत राहिली. आता ही वडलांना काय सांगणार, ते मला तिच्या हातातच दिसत होतं.

चहाला दूध नव्हतं. आईनं आम्हा दोघांनाही दुधाला पिटाळलं. दिवस मावळत होता, कारखान्यांवरचं आभाळ जांभळं झालं होतं आणि दिवसपाळीची माणसं सायकलींवर भाजी अडकवून घरी चालली होती. पार्टनर दूध घेऊन वळल्यावर म्हणाला, तुझ्या वाट्याचं काही माझ्याकडे आलंय, ते तुला द्यायला पाहिजे. मग तो रस्त्याच्या कडेला थांबला आणि तेल चोळताना आई जे बोलली ते पाठ केल्यासारखं, तिच्याच बोलीत, त्यानं सांगितलं.

"तुझा बाप म्हनतो घेऊन ये. मला बी वाटतंय तू यावं, लई वाटतंय. पर तू येऊ नको. गावात आता समदे तुला साहेब म्हनत्यात. माघारी आलास तर तवा बी साहेबच म्हनतील, पर हसून म्हनतील. मला त्ये ऐकायचं नाय."

मी विचारलं, अजून काय म्हणाली. तो म्हणाला, नंतर ती नुसती चोळत होती.

आम्ही परत आलो. माझ्या हातातल्या पिशवीत दूध हिंदकळत होतं आणि मला वाटलं, आपण अजून कॉटवरच आहोत, कुणाच्या तरी झोपेत. आईनं चहा केला. जेवणं झाली. पार्टनर शूज चढवून कंपनीची बस गाठायला निघाला. जाताना त्यानं आईच्या पायांना हात लावला. आई म्हणाली, आता ते शूज जरा सैल बांधत जा.

मग तिनं पदर नीट केला, आणि निरोप सांगायला आलेल्या पाव्हण्यासारखी सरळ बसून मला वडलांचं म्हणणं सांगितलं. डेअरीची जागा, चेअरमनचा शब्द, घरचं दूध, घरचं अंथरूण. एकही गोष्ट गाळली नाही. आपलं स्वतःचं काही त्यात घातलं नाही. शेवटी विचारलं, "तुझं काय म्हननं?"

मी म्हणालो, "मी राहतो."

ती म्हणाली, बरं. एवढंच. मी तिला कॉटवर झोपवलं, मी खाली चटईवर झोपलो. त्या रात्री ठोक्यांचं स्वप्न पडलं नाही. झोपेतही मला वर तिचा श्वास ऐकू येत होता आणि खोली नेहमीपेक्षा रुंद वाटत होती.

सकाळी पार्टनर यायच्या आत आईनं गादी झटकली, उलटी केली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. टेम्पोवाला तिला न्यायला येणार होता, त्याआधी तिनं माझ्या फोनवरून वडलांना फोन लावायला सांगितला. मी लावून दिला. ती दारात उन्हाला उभी राहून बोलली. गावात फोनवर बोलतात तशी मोठ्यानं, पलीकडच्या खोलीतल्या बाया माना वळवून बघतील इतक्या मोठ्यानं.

पोरगं बरं हाय, म्हणाली. रोज सैपाक करून खातंय. मानसं चांगली हायेत. नाय येत ते. मग वडलांनी काहीतरी विचारलं असावं. तिनं आत खोलीकडे बघितलं.

"जागा हाय की," ती म्हणाली. "दोघं झोपत्यात, पर येकाचा धक्का येकाला लागत नाय."

वडील पलीकडून काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. बराच वेळ ते बोलत होते आणि आई नुसती हूं हूं करत होती. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि शर्टाची कॉलर सरळ केली.

"जा आता," ती म्हणाली. "कामाला उशीर व्हईल."