बयाबाईंनी निवडलेला तळ

घर सोडून अरण्याचा आश्रय घेणाऱ्यांचे वर्णन आपल्या परंपरेने मोठ्या आदराने केले आहे. पण ज्यांना घरही नव्हते आणि अरण्यातही प्रवेश नव्हता, अशांसाठी त्या परंपरेपाशी फारसे शब्द नाहीत. बयाबाई त्यांच्यापैकी एक.

दसरा सरला की पती धुळा यांच्यासह मेंढरे घेऊन त्या औंधकडच्या माळावरून पश्चिमेला वारणेच्या खोऱ्याकडे निघत. घोड्यावर बिऱ्हाड लादायचे, कुणाच्या शेतात खतासाठी मेंढरे बसवायची, तीन दगडांची चूल मांडायची आणि दोन-चार दिवसांनी तळ हलवायचा. चाळीस वर्षे हा क्रम अखंड चालला. धुळांच्या घराण्यात एक रीत होती. ज्याने तळ निवडला, त्यानेच त्या भुईवर पहिली घोंगडी अंथरायची आणि पहिली रात्र तिच्यावरच काढायची. निवड चुकली, तर ओल आधी निवडणाऱ्याच्या पाठीला लागावी, एवढाच त्यामागचा न्याय.

या वाटेवर दरवर्षी चांदोलीच्या अरण्याची कडा दिसे. आत मेंढरांना मज्जाव होता. एका वर्षी काळ्या तोंडाची एक मेंढी गळ्यातल्या घंटीसह ओढ्याकाठच्या झाडीत शिरली. घंटीचा नाद चढ चढत गेला, माथ्यावर क्षणभर थबकला आणि पलीकडे उतरून विरला. धुळा गेलेल्या मेंढीसाठी हळहळले. बयाबाईंच्या मनात मात्र त्या दिवसापासून एकच प्रश्न घर करून राहिला: त्या चढापल्याड काय असेल?

पुढे धुळा निवर्तले, मेंढरे विकली गेली आणि बयाबाई कडेगावला मुलाकडे, अमृत गुरुजींकडे, राहू लागल्या. दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्यांची नात प्रांजल सांगलीच्या कॉलेजातून आली ती बेत घेऊनच. चांदोलीच्या वेशीवर तंबूत एक मुक्काम, आणि सकाळी वाटाड्यासह जीपने आत.

"मुक्कामाला? मेंढरं कुनाची?" बयाबाईंनी विचारले.

"मेंढरं नाहीत गं आज्जी. नुसतं राहायचं."

"उघड्यावर? हौसंनं?"

"हौसेनं."

"आन् करायचं काय?"

"बघायचं. झाडं, शेकरू, गवे."

"बगून?"

"बघून परत यायचं."

रानाकडे बयाबाईंनी जन्मभर पाहिले होते; पण त्यांची प्रत्येक नजर लांडग्यासाठी, चाऱ्यासाठी नाहीतर ढगासाठी होती. ज्या पाहण्यातून काहीच राखायचे नाही, काहीच मिळवायचे नाही, असे पाहणे कसे असते हे त्यांना ठाऊक नव्हते. ते जाणून घ्यावे असे त्यांना फार वाटले. त्या उठल्या आणि ट्रंकेतून घोंगडी, काठी, तवा काढून ओसरीवर मांडू लागल्या.

"मोत्या येनार न्हवं?"

"कुत्र्याला बंदी आहे."

"चूल?"

"स्वयंपाक तंबूवालेच करतात. काठी मात्र घे, गुडघ्यासाठी."

"गुडघ्यासाठी न्हवं गं, लांडग्यासाठी!"

इतका वेळ वह्या तपासत बसलेल्या अमृतने आता मान वर केली. "आये, तुला न्हाई जमायचं. भुईवरनं उठताना दोघं लागत्यात धराय. आमी जाऊन येतो. तू दोन दिस तानुबाई आत्त्याकडं ऱ्हा."

"बरं," बयाबाई म्हणाल्या.

त्यांनी घोंगडीची घडी घातली. ही वेळ हुकली तर त्या चढापल्याडचे त्यांना कधीच दिसणार नव्हते. पण मुलाच्या बोलण्यात काळजी होती आणि काळजीशी भांडावे कसे, हे त्यांना उमगेना.

इकडे प्रांजल मोबाइलवर तंबूंच्या जागांचे फोटो वडिलांना दाखवत होती. जलाशयाच्या काठची जागा दोघांनाही पसंत पडली. बयाबाई सहज मागून डोकावल्या.

"ह्यो फोटू कवाचा?"

"उन्हाळ्यातला दिसतोय."

"उन्हाळ्यात समदं रान वाळलंय, आन् हितलंच गवत हिरवं? खाली ओल हाय. आन् ही गवतातली वाट बग, पान्याकडं उतरलीया. मानसाची वाट इतकी रुंद नसती. जनावरांच्या वाटंत निजायचं व्हय रं, गुरुजी?"

अमृतने डोळे बारीक करून पाहिले. प्रांजलने तंबूवाल्याला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"ती जागा आता बंद केलीय," तंबूवाला ओशाळून म्हणाला. "गवे पाण्याला उतरतात तिथनं. फोटो बदलायचा राहिलाय. तुम्हांला कुणी सांगितलं?"

फोन बंद न करता प्रांजलने उरलेल्या जागांचे फोटो आजीपुढे धरले. बयाबाईंनी ते पुन्हापुन्हा पाहिले, गवत कोणत्या अंगाला झुकले आहे ते न्याहाळले आणि उतारावरच्या एका मोठ्या खडकावर बोट टेकवले. "ह्येच्या आडोशाला. वारा पाठीवर ऱ्हाईल, पानी खाली जाईल."

"हाच तळ ठरला!" प्रांजल म्हणाली.

"ठरला ना?" बयाबाईंनी सावकाश मुलाकडे पाहिले. "मंग पयली घोंगडी कुनी टाकायची, आमृता?"

लहानपणी बापाच्या बोटाला धरून अमृतने ती रीत दर मुक्कामाला पाहिली होती.

"आये, ही चलाखी झाली."

"चलाखी कसली? तुज्या बाची रीत हाय. तळ म्या निवडला. उद्या तुमच्या पाठीला ओल लागली, तर शिव्या मी हितं बसून खाऊ व्हय?"

"आन् सकाळी उठवायला दोघं लागतील, त्येचं काय?"

"हायत की दोघं. तू आन् ही."

अमृतला हसू आवरेना. "चल बाई," तो म्हणाला, "पर जीपमदनं उतरायचं न्हाई."

फोन अजून चालूच होता. बयाबाईंनी तो दोन्ही हातांनी तोंडापुढे धरला. "आवं दादा, वड्याच्या डाव्या अंगाला गर्द झाडीचा एक चढ हाय बगा. माथ्यावर काळा कातळ. त्येच्या पल्याड काय हाय?"

"तिकडं? दुसरा चढ आहे, आजी."

"आन् त्येच्या पल्याड?"

"तिथवर मीही कधी गेलेलो नाही."

"आस्सं!" बयाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा खुलला. फोन नातीच्या हाती देऊन त्यांनी घोंगडी अंगणात नेऊन झटकली. कोणते सामान कुठे भरायचे ते त्यांनी प्रांजलवर सोडले. घोंगडी मात्र सगळ्याच्या वर ठेवायला सांगितली. गाडीतून तीच आधी उतरायला हवी होती.