पडद्यामागून पाहिलेली जर्मनी

मी जन्माची संशयी. दूधवाल्याच्या मापात बोट घालून पाहणारी. लढाई संपल्यावर गोंदियाला तंबूत जर्मनीचा सिनेमा आला, तेव्हा हे सरकारचं काहीतरी सोंग आहे, असं मी आमच्या मुर्री गावातच जाहीर करून टाकलं. तरी गेले, ते वहिनीसाठी.

माझा मोठा भाऊ फौजेत होता. जर्मनांनी त्याला पकडल्याचं कळलं, मग तीन वर्षं चिठ्ठी नाही. माझं लग्न गावातच झालेलं, त्यामुळे माहेरची कुजबुज रोज कानी यायची. आत्या म्हणायची, "हे सून किती दिवस कुंकू लावून राहील? लोक हासून राहिले." येत्या अमावस्येला वहिनीच्या बांगड्या फोडायच्या, असं ठरल्यातच जमा होतं. तेवढ्यात कोणी सांगितलं, त्या सिनेमात सुटलेले हिंदी कैदी दाखवतात.

तंबूत मधोमध पडदा. बाबा पुढं पुरुषांत बसले, आम्ही बायका पडद्याच्या मागं. कापडावर पाणी मारत, म्हणजे चित्र आमच्या बाजूलाही दिसे. पडकी घरं, विटांचे ढिगारे आणि डोईला फडकी बांधून विटा वाहणाऱ्या बाया. मला त्यांची कीव आली. आणि कीव यावी म्हणूनच तर दाखवत नसतील, असंही लगेच वाटलं. मग गोऱ्या शिपायांनी एकजात डाव्या हातानं सलाम ठोकला.

"पाहा, नाटक व्हय सारं," मी म्हटलं.

शेजारची म्हणाली, "त्या मुलखात सारं उलटंच राहते वं बाई."

मग तारेच्या कुंपणापाशी कैद्यांची रांग. दाढी वाढलेल्या एकानं हात वर केला. करंगळी नव्हती. वहिनीनं माझं मनगट आवळलं. "बाई, हेच व्हय ते!"

भावालाही करंगळी नव्हती, धान कापताना गेलेली. पण विळा धरतात उजव्या हातात, बोट जातं डाव्याचं. पडद्यावरच्याचं उजव्याचं गेलेलं.

"त्याची डावी होती," मी म्हटलं. "हा दुसराच कोणी व्हय. फसू नको."

वहिनीनं माझं मनगट सोडलं. घरी येताच मागच्या अंगणात निघून गेली.

बाबा पाय धूत होते. मी विचारलं, "ते गोरे डाव्या हातानं सलाम काऊन करतात?"

"डाव्या? उजव्यानंच तं करून राहिले होते."

आम्ही मागून पाहिलं होतं. आम्हाला सगळंच उलटं दिसलं होतं. तेवढ्यात अंगणातून काच फुटल्याचा आवाज आला.

मी धावले. वहिनीनं डावा हात पाट्यावर आपटून मोकळा केला होता. मी उजवा धरला. "थांब! तोच होता!"

तिनं माझ्याकडं पाहिलं. "मघाशी तं नव्हता."

त्यानंतर कित्येक महिने ती एका हातात बांगड्या आणि एक हात बोडका अशी वावरली. माझ्या कोणत्याच बोलण्यावर तिचा विश्वास उरला नव्हता. आत्यानं कितीही तोंड सोडलं तरी तिनं ना उरलेल्या फोडल्या, ना नव्या भरल्या. मला मात्र तिच्या समोर बसून जेवण जात नसे.

धान कापणीच्या दिवसांत भाऊ अंगणात येऊन उभा राहिला. वहिनीनं तोंड पाहिलं नाही, आधी हात पाहिला. मग माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "बाई, मी बरोबर बाजूनं पाहून राहिली ना?"

मला रडूच फुटलं.