लवंगतेल आणि वाटणी

लवंगेच्या तेलाने आंब्यावरची बुरशी मरते, हे अगदी खरं आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

देवरीजवळ आमची धानाची शेती, आणि बांधावर आजोबांनी लावलेली गावरान आंब्याची झाडं. आंबे उतरवून पिकायला घातले की देठाकडून काळे पडायचे आणि निम्मे गुरांपुढे जायचे. मागच्या उन्हाळ्यात शेतीच्या एका शिबिरात ऐकलं की लवंगेच्या तेलाचे काही थेंब पाण्यात मिसळून त्यात फळं बुडवली तर ती सडत नाहीत. थेंब ऐकून मला वाटलं, सांगणारा कंजूष असावा. मी आख्खी बाटली उपडी केली.

नेमके त्याच आठवड्यात गोंदियाहून काका-काकू आले. काकांचं तिथं किराणा दुकान. त्यांना झाडांची वाटणी हवी होती, बाबांना नको होती. आईला धडकी भरली होती, की आज हे भाऊ कायमचे तुटतात. तिने ठरवलं, आधी जेवण, मग बोलणं. आणि मला रस करायला बसवलं. मी माझे बिनडागी आंबे अभिमानाने काढले, आणि (औषध वाया जाऊ नये म्हणून) न धुताच सालीसकट पिळले.

बाबा रुसून वाटीला हात लावत नव्हते. काकांनी दोन वाट्या रस संपवला, मिशी पुसली आणि विषयाला हात घातला.

"देख दादा, झायांची वाअणी..."

पुढचं कोणालाच कळलं नाही. काकांनी पुन्हा प्रयत्न केला, मग जीभ चिमटीत धरून पाहिली. काकूंना वाटलं, लकवाच मारला. त्या रडू लागल्या, आई गाडीसाठी फोन शोधू लागली. बाबा मात्र ताट ओलांडून काकांपाशी गेले आणि त्यांचा हात घट्ट धरून बसले.

"काऊन बोलून नाही राहिला रे? तुले पायजे तेवढे झाडं घे. सारे घे. पन बोल."

काका डोळ्यांत पाणी आणून नाही-नाही अशी मान हलवत होते. मला शंका आली. मी रस चाटून पाहिला, आणि काही क्षणांत माझीही जीभ चपलेच्या तळव्यासारखी बधिर झाली.

"अवंग!" मी कळवळून म्हणालो. "अवंगेचं तेय!"

ते उलगडायला घराला बराच वेळ लागला. मग आधी काकू हसल्या, मग सगळेच. बाबांनी हात तेवढा सोडला नव्हता.

उरलेल्या आंब्यांकडे शेवटपर्यंत बुरशी फिरकली नाही, घरातलंही कोणी फिरकलं नाही. संध्याकाळी जीभ ताळ्यावर आल्यावर दोघे भाऊ एकाच बाजेवर बसले. वाटणीचं कोणी काढलं नाही. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं होतं: झाडं कोणाच्याही नावावर राहोत, आंबे या पोराच्या हाती द्यायचे नाहीत.